आधी बूड बघा

तोंड बघून काचेची किंमत करू नये,
हे मला बाळगोंडा मगदुमांनी शिकवलं
लक्ष्मीपुरीतल्या दुकानात, धान्याच्या वखारीला लागून,
जिथं शिंकल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नाही.
आधी बूड, म्हणायचे. मग अंग. तोंड शेवटी.

हौसाबाई तिवल्यांनी ती पिशवीतून काढली.
जुना टॉवेल, वरून परकराच्या नाडीची गाठ.
फुलदाणी. वीतभर उंच, पिकल्या जांभळाचा रंग,
मानेपाशी एक दुधी रेघ, फिरता फिरता दमलेली.
ताराबाई पार्कातला बंगला विकला
तेव्हा शेवटच्या दोन पगारांच्या जागी मिळाली.
घरी तिच्यात पळ्या उभ्या असतात, आणि एक उलथणं.

मी उलटी केली.
बुडाच्या मधोमध आठाण्याएवढा खरखरीत व्रण.
इथं लोखंडी दांडा चिकटलेला असतो, मी सांगितलं,
तोंड घडवून झालं की टिचकीसरशी तोडतात.
"म्हंजे बेंबीच की ओ."
वीस वर्षं मी त्याला नुसती खूण म्हणत होतो.

साच्याची शिवण बोटानं शोधली, लागली नाही.
आत बुडबुडे, राळ्याच्या दाण्यासारखे,
वळणाच्या बाजूला जरा लांबट.
बुडाच्या कडेवर चरे, वाट्टेल तसे, आडवेतिडवे,
रोज ओट्यावर सरकवल्याचे.
पॉलिशपेपरनं आणलेलं म्हातारपण
एकाच दिशेला धावतं, ते लगेच कळतं.
टिचकी मारली. आवाज एवढा लांबला
की पोतं उचलता उचलता हमालानं वर बघितलं.

खरी आहे, म्हणालो. तोंडानं फुंकलेली.
"तोंडानं? काच?"
लांब नळी, एका टोकाला लालबुंद गोळा, दुसऱ्या टोकाला माणूस.
हौसाबाईंनी गाल फुगवून बघितले.
"फुंकणीच ती. जोरात फुंकलं तर राख डोळ्यात,
दमानं फुंकलं तर इस्तू इझतोय."
मगदूम असते तर त्यांना गल्ल्यावर बसवलं असतं.

मग भिंगाखाली सही आली.
बेंबीच्या बाजूला, तिरकी, परदेशी, ऐटदार.
अक्षरांच्या कडा अजून पांढऱ्या,
आणि शेपूट जुन्या चऱ्यांच्या वरून गेलेलं.
चरा आधीचा, नाव नंतरचं.

माल खरा, सही खोटी.
हे सांगताना दर वेळी घसा कोरडा पडतो.
कुणीतरी यंत्राची सुई धरून
बिननावाच्या माणसाच्या कामावर
बड्या कारखानदाराचं नाव गोंदून ठेवलं.
खरी असती तर लाखाच्या घरात.
नसतीच, तर पंधरा हजार डोळे झाकून.
आता नऊ. गिऱ्हाईक पहिल्यांदा सही वाचणार
आणि मग बुडबुड्यांवरही संशय घेणार.

"पुसून काढा की मग."
घासलं तर खड्डा पडतो, बाई.
"आनि ज्येनं फुंकली त्येचं नाव?"
ते कुठंच नाही.

बाहेर तांदळाचा ट्रक मागं येत होता,
क्लीनर बॉडीवर थापा मारत होता.
तो थांबेस्तोवर त्या बोलल्या नाहीत.
"त्या बंगल्यात मला मंजुळा म्हनायच्या.
आधीच्या बाईचं नाव. बदलायचा कट्टाळा.
एकतीस वर्सं मी मंजुळा म्हनूनच ओ देत हुते."
मग हसल्या. मला हसता आलं नाही.

पावती लिहिली:
हातानं फुंकलेली काच, कारागीर अज्ञात,
सही नंतरची. रुपये नऊ हजार.
इथं तुमची सही करा.
त्यांनी पेन झाडूच्या मुठीसारखं धरलं.
ह ला वेळ लागला. ईची वेलांटी
चौकट ओलांडून माझ्या आकड्यावर पडली.

विकायची का?
"बघू," म्हणाल्या, टॉवेल गुंडाळत,
"आज आमटीची पळी कशात ठिवू?"
आणि नाडीला गाठ मारली, दोनदा.